बडोद्याहून डॅन्यूबकाठी: सायकल आणि सामानाची तयारी

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझे मेहुणे जर्मनीतील पासाउ येथून ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियामार्गे हंगेरीतील बुडापेस्टपर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर गेलो. हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे आणि यूरोव्हेलो ६ या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा तो सर्वांत वर्दळीचा भाग मानला जातो. मार्गाच्या सौंदर्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही परतल्यापासून बडोद्यात दांडिया बाजारातील नातेवाइकांपासून अकोट्यातील मित्रांपर्यंत सर्वांनी जे विचारले ते मात्र सायकल कशी नेली, सोबत काय घेतले आणि काय घ्यायला नको होते, हेच. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः तयारीचा आहे.

सायकल नवी घ्यावी की असलेली न्यावी, हा पहिला प्रश्न येतो. माझे मत असे की, चौकट लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची असेल, मागे कॅरिअर लावण्यासाठी आटे असतील आणि सदतीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर बसत असतील, तर असलेलीच न्यावी आणि वाचलेला पैसा मागच्या चाकावर खर्च करावा. सामानाचा खरा भार मागच्या चाकावर पडतो आणि लांबच्या प्रवासात तुटतात ते बहुधा तिकडचेच आरे, तेही गिअरच्या बाजूचे. आम्ही दोघांनीही छत्तीस आऱ्यांची मागची चाके नव्याने बांधून घेतली. रावपुऱ्यातील आमच्या मिस्त्रींनी चाकांचा आउट, म्हणजे डगमग, काढून दिल्यावर बजावले की, आधी पन्नासेक किलोमीटर चालवून आणा, आरे आपापल्या जागी बसू द्या, मग मी पुन्हा ताण बघतो. हा दुसरा फेरा अनेक जण टाळतात. तो टाळू नये, कारण नव्या चाकातील आरे सुरुवातीच्या काही किलोमीटरांत हमखास सैल पडतात. त्याच मापाचे चार सुटे आरे आम्ही सीटखालच्या नळीला टेपने बांधून नेले.

चेन किती झिजली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पट्टीने मात्र कळते. नव्या चेनच्या कड्यांच्या बारा जोड्या बरोबर बारा इंच भरतात. तेच अंतर इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले असेल तर चेन बदलावी, आणि आठव्या भागाने वाढले असेल तर मागची कॅसेटही (दात्यांच्या चक्रांचा संच) गेली असे समजावे. गिअरच्या बाबतीत लोक गरजेपेक्षा अधिक खर्च करतात असे मला वाटते. डॅन्यूबचा काठ बहुतांशी सपाट आहे, आपण प्रवाहाच्या दिशेने जातो आणि वाराही बरेचदा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून येतो. ज्यांना आल्प्समध्ये शिरायचे आहे त्यांनी मागे चौतीस दात्यांचे चक्र जरूर लावावे.

ट्यूबच्या वॉल्व्हकडे आपले लक्ष नसते. युरोपातील दुकानांत बारीक मानेचा प्रेस्टा वॉल्व्ह सर्रास मिळतो, मोटारीसारखा जाड श्रेडर वॉल्व्हही मिळतो. श्रेडरसाठी पाडलेल्या रिमच्या मोठ्या छिद्रात प्रेस्टा वॉल्व्ह एका लहानशा बुशच्या आधाराने बसतो, पण उलट होत नाही. त्यामुळे श्रेडरची रिम असणाऱ्यांची अडचण कमी. पितळेचा छोटा ॲडॅप्टर जवळ असला की कोणत्याही पंपाने हवा भरता येते.

आता आरशाविषयी. आपल्याकडे वाहने उजवीकडून पुढे जातात, म्हणून आरसा हँडलच्या उजव्या टोकाला असतो. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे असल्याने तो डाव्या टोकाला हवा. हा बदल निघण्याच्या आदल्या दिवशी न करता महिनाभर आधी केला, तर मान आपोआप त्या बाजूला वळू लागते. घंटी, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा आणि चाकांवरचे परावर्तक हे जर्मनीत आणि ऑस्ट्रियात कायद्याने लागतात. ते येथूनच बसवून न्यावे.

सामान भरलेली सायकल हे रिकाम्या सायकलीपेक्षा वेगळेच वाहन असते, आणि त्याची ओळख घराजवळच करून घ्यावी, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. आमची पहिली फेरी डभोईमार्गे चांदोदपर्यंत झाली. ती पूर्ण सामानासह होती. म्हणजे पिशव्यांत विटा किंवा तांदूळ न भरता जे परदेशी न्यायचे तेच भरले होते. तंबू डावीकडे की उजवीकडे, पावसाचे जाकीट वर की तळाशी, हे असे भरल्याशिवाय ठरत नाही. त्यानंतर पावागड. चांपानेरपासून मांचीपर्यंतचा चढणीचा आणि वळणांचा रस्ता ब्रेकच्या परीक्षेसाठी बडोद्याच्या आसपास सर्वांत योग्य आहे. मात्र सकाळी लवकर जावे, आणि नवरात्रात तर तिकडे फिरकूच नये. उतरताना वेग वाढला तसे माझ्या सायकलीचे हँडल थरथरू लागले. सगळे वजन मागे असले की असे होते. तंबू आणि हत्यारे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या लहान पिशव्यांत हलवल्यावर त्याच उतारावर तीच सायकल सरळ चालली. मागे साठ टक्के आणि पुढे चाळीस टक्के ही वाटणी आम्ही शेवटपर्यंत ठेवली, डाव्या आणि उजव्या पिशव्यांचे वजनही जवळजवळ सारखे राखले.

मेहुणे मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत. तेथे यंत्रांचे बोल्ट घट्ट केल्यावर बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर उतरणारी रंगाची एक सरळ रेघ ओढतात; बोल्ट जराही फिरला की रेघ तुटलेली दिसते. त्यांनी दोन्ही कॅरिअरच्या, मडगार्डच्या आणि हँडलच्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या मार्करने अशी रेघ ओढली. रोज सकाळी चहा होईपर्यंत सायकलीभोवती एक फेरी मारून रेघा पाहायच्या, एवढेच काम. ऑस्ट्रियातील जुन्या गावांमधून फरसबंदी रस्त्यांवर दिवसभर हादरे खाल्ल्यानंतर माझ्या मागच्या कॅरिअरचा डावीकडचा खालचा बोल्ट पाव फेरा फिरलेला निघाला. तो हाताने हलत नव्हता, आवाजही करत नव्हता. रेघ नसती तर कळलेच नसते. कॅरिअरचे बोल्ट बहुधा पाच मिलिमीटर व्यासाचे असतात, त्यांना निळे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावावे आणि तशाच मापाचे तीन-चार सुटे बोल्ट जवळ ठेवावेत.

हत्यारांत ॲलन कीचा संच, चेन तोडण्याचे साधन, दोन चेनलिंक, टायर लिव्हर, पंक्चरचे सामान, दोन ट्यूब, ब्रेकची आणि गिअरची एकेक केबल, ब्रेक पॅडची एक जोडी आणि डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा चौकटीला जोडणारा लहान तुकडा) एवढे पुरते. यांतील हँगर विसरू नये. प्रत्येक चौकटीचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो आणि तो परक्या गावातील दुकानात सापडेलच याची खात्री नाही. बाकी बहुतेक गोष्टी लिंझ किंवा व्हिएन्नासारख्या शहरात सहज मिळतात, त्यामुळे अर्धे दुकान बरोबर नेण्याची गरज नाही.

कपड्यांविषयी थोडक्यात. सायकलवर घालायचे दोन जोड, संध्याकाळचा एक, पाऊस अडवणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. बडोद्यात पारा बेचाळीसवर असताना हातमोजे भरणे हास्यास्पद वाटते, पण मे महिन्यात पावसाच्या दिवशी डॅन्यूबकाठी दहा-बारा अंशांत ब्रेक दाबावे लागतात. सर्व सामान टांगून मोजायच्या काट्यावर पिशवीनिहाय मोजले आणि तंबूसह पंधरा किलोच्या आत बसवले.

खाण्याच्या बाबतीत घरी वाद झाला. वहिनींनी मेहुण्यांच्या पिशवीत पेढ्यांचा डबा आणि तुपाची बाटली ठेवली होती.

“वहिनी, दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतील,” मी म्हणालो.

“मग भाऊजी, भाकरवडी आणि चिवडा तरी न्या, त्यात कुठे दूध आहे?” त्यांनी विचारले, आणि ते बरोबरच होते.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. कोरडा फराळ, खाकरे, मेतकूट यांना अडचण आली नाही. हा फराळ विशेषतः रविवारी उपयोगी पडतो, कारण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात रविवारी किराण्याची दुकाने जवळजवळ सगळी बंद असतात. शनिवारी सायंकाळपूर्वी दोन दिवसांचे घेऊन ठेवावे.

सायकल बांधण्यासाठी नव्या सायकली ज्यातून येतात ते पुठ्ठ्याचे खोके दुकानदाराकडे मागावे. आम्हाला ते फुकट मिळाले. पुढचे चाक काढून चौकटीच्या बाजूला बांधावे आणि ते चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) टोकांमध्ये प्लास्टिकचा किंवा लाकडाचा ठोकळा घालावा, म्हणजे दाबाने ती आत वाकत नाहीत. पेडल काढताना डावे पेडल उलट्या आट्यांचे असते हे लक्षात ठेवावे. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून फडक्यात गुंडाळावा आणि चौकटीच्या आत बांधावा. खोके आपटले तर पहिला घाव त्याच्यावर बसतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालावा. सीटची उंची आणि हँडलचा कोन टेपने खुणावून ठेवावा. चौकटीच्या नळ्यांभोवती आम्ही एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर चढवतात ती काळी फोमची नळी उभी चिरून बसवली. ती स्वस्त असते आणि परतीलाही वापरता येते. टायरमधील हवा पूर्ण काढावी असे काही विमान कंपन्या सांगतात. बाहेरचा दाब अगदी शून्य झाला तरी टायरच्या आतबाहेरच्या दाबातला फरक एका वातावरणाच्या दाबाएवढाच, म्हणजे पंधरा पीएसआयच्या आत वाढेल, आणि सामानाच्या कप्प्यात तर दाब राखलेला असतो. तरीही काउंटरवर शास्त्रार्थ करण्यापेक्षा अर्धी हवा काढणे सोपे.

पॉवर बँक खोक्यात चुकूनही ठेवू नये, ती हातातील सामानातच न्यावी लागते. शंभर वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, आणि वीस हजार एमएएचची पॉवर बँक साधारण चौऱ्याहत्तर वॉट-अवर भरते. स्टोव्हचे गॅसचे डबे विमानात कोठेच चालत नाहीत. ते तेथे पोहोचल्यावर घ्यावेत. सामानाच्या सर्वसाधारण नगाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते आणि सायकलचे खोके ती सहज ओलांडते. म्हणून तिकीट काढतानाच कंपनीला कळवून लेखी होकार घ्यावा आणि एका नगाचे वजन कोणत्याही परिस्थितीत ३२ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. बडोद्याहून देशांतर्गत विमानाने मुंबई गाठून पुढे जाण्याचा विचार आम्ही सोडला, कारण ते तिकीट वेगळे असले तर देशांतर्गत वजनाची मर्यादा लागू होते आणि ती बरेचदा १५ किलोच असते. छोटा हत्ती ठरवून दोन्ही खोकी उभी बांधून आम्ही द्रुतगती मार्गाने अहमदाबादचा विमानतळ गाठला. खोके आडवे टाकून त्यावर दुसरे सामान रचू देऊ नये.

व्हिसासाठी अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. या मार्गावर तो बहुधा ऑस्ट्रिया ठरतो, उतरणे म्युनिकला असले तरी. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि त्यात सायकलवरील अपघात धरला आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचावे, एजंटच्या शब्दावर राहू नये. हंगेरीत युरो नव्हे तर फोरिंट चालतो.

म्युनिकच्या विमानतळावरच आम्ही सायकली जोडल्या, तेथून प्रादेशिक रेल्वेने लांड्सहूटला आणि गाडी बदलून पासाउला गेलो. गाडीत सायकलचे वेगळे तिकीट काढावे लागते आणि सायकलचे चिन्ह असलेल्या डब्यातच चढावे लागते. पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात आणि तेथून पुढे मार्ग चुकणे कठीण आहे. निळ्या पाटीवर पिवळ्या ताऱ्यांचे कडे आणि मध्ये सहाचा आकडा दिसत राहतो. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा टप्पा द्राक्षमळ्यांतून जातो. त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवावा. ब्रातिस्लाव्हानंतर मात्र हंगेरीत काही ठिकाणी मोटारींच्या रस्त्यावरून जावे लागते, तेथे डावीकडचा आरसा आपले मोल वसूल करतो. निघण्यापूर्वी नदीच्या पाण्याची पातळी पाहावी. जून २०१३ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये या भागाला मोठे पूर आले होते, आणि साध्या पुरातही काठाचे काही तुकडे बंद होतात.

परतीचे खोके बुडापेस्टमधील सायकलच्या दुकानात मिळाले. दोन दिवस आधी सांगून ठेवणे इष्ट. सायकल महागाची असेल तर भारतातून निघतानाच विमानतळावरील कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परत आणताना ती नवी खरेदी समजून शुल्क मागितले जात नाही. त्यासाठी चौकटीवरचा क्रमांक लागतो. तो बहुधा पेडलच्या आसाखाली कोरलेला असतो, म्हणजे खोके बंद झाल्यावर दिसत नाही. तेव्हा त्याचा फोटो आणि खरेदीची पावती आधीच काढून ठेवावी. परतल्यावर मोठे सामान नेहमीच्या पट्ट्यावर न येता बरेचदा वेगळ्या दाराने येते आणि तेथून थेट कस्टम्सच्या टेबलाशी जावे लागते. म्हणून हे प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर हातातच असावे.