छताखालची झाळ

गेल्या वर्षी ऑटोक्रॉससाठी, म्हणजे आखलेल्या छोट्या मार्गावर एकेक गाडी वेळ लावून पळवण्याच्या शर्यतीसाठी, मी एक जुनी मारुती एस्टीम घेतली, तेव्हा तिच्यात रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, आधीच बसवलेला होता आणि खरे सांगायचे तर त्याच्याकडे पाहूनच मी व्यवहार पक्का केला होता. पिवळा रंग, पाइपचे गुळगुळीत बाक (वळणे) आणि दाराला समांतर जाणारे आडवे पाइप पाहून आपण आता सुरक्षित आहोत, अशी माझी समजूत झाली. ती समजूत कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांत मोडली.

तिथल्या मिस्त्रींनी दाढीचा छोटा आरसा मागवला, तो सीटमागून छतापर्यंत जाणाऱ्या मुख्य कमानीच्या माथ्यावर, पाइप आणि छताचा पत्रा यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत तिरका धरला आणि मला वाकून पाहायला सांगितले. खालून जिथे वेल्डची झाळ सुबक दिसत होती, तिथे वरच्या बाजूला ती नव्हतीच. पाइपला पाइप नुसता टेकलेला होता. "साहेब, वेल्डिंगचा टॉर्च वर पोचत नाही, म्हणून सोडून दिलंय," ते म्हणाले. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमावलीत प्रत्येक जोड पाइपच्या पूर्ण परिघावर वेल्ड केलेला असावा, असे स्पष्ट लिहिले आहे आणि गाडी उलटल्यावर भार नेमका याच माथ्यावर येतो.

मग मुख्य कमानीला बारीक भोक पाडून पाइपच्या भिंतीची जाडी मोजली, तर ती जेमतेम १.६ मिलिमीटर भरली. एफआयएच्या परिशिष्ट जे मधील कलम २५३ प्रमाणे मुख्य कमानीचा पाइप ४५ मिलिमीटर व्यासाचा व २.५ मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा व २ मिलिमीटर जाडीचा हवा. बाकीच्या भागांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालतो. पाइप बिनजोड, थंड ओढलेल्या कार्बन स्टीलचा असावा लागतो. जो पाइप कापल्यावर आत बोट फिरवताच उभी शिवण हाताला लागते, तो खुर्च्या आणि गेट यांच्यासाठी ठीक आहे, माणसाच्या डोक्यावर नाही. बाकाबाबतही नियम कडक आहे: वाळू भरून गॅसने तापवून वाकवण्याची आपल्याकडची जुनी रीत इथे चालत नाही. पाइप थंडच वाकवायचा आणि मध्यरेषेवर मोजलेली बाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची, म्हणजे ४५ च्या पाइपला १३५ मिलिमीटर.

मला सर्वांत जास्त धक्का मात्र पायांनी दिला. कमानीचे दोन्ही पाय थेट फ्लोअरच्या पत्र्यावर टेकवून वेल्ड केले होते, आणि एवढा पातळ पत्रा अपघाताच्या दणक्यात कागदासारखा फाटून पाय त्यातून खाली उतरतो, मग वरचा पाइप कितीही चांगला असो. पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, म्हणजे साधारण १० बाय १२ सेंटिमीटरची, मजबुतीची पट्टी लागते. मागच्या तिरक्या आधारांना ६० चौरस सेंटिमीटर पुरते. पाय बोल्टने बसवायचा असेल तर प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट, एम ८ (८ मिलिमीटर व्यास) पेक्षा लहान नसलेले आणि ८.८ या मजबुतीच्या ग्रेडचे.

तो केज आम्ही पूर्ण कापून काढला. नव्या केजसाठी मिस्त्रींनी वापरलेली युक्ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी पायांच्या जागी फ्लोअरला भोके पाडली, कमान त्यांतून चार-पाच इंच खाली सोडली, माथ्याभोवती मोकळी जागा मिळताच सगळे जोड चहूबाजूंनी वेल्ड केले आणि मगच केज वर उचलून पायांखाली पट्ट्या सरकवून त्या फ्लोअरला व पायांना पक्क्या केल्या.

आता हेल्मेट पाइपला लागू शकेल अशा जागी पॅडिंग बसवायचे राहिले आहे. मऊ फोमची नळी त्यासाठी निरुपयोगी ठरते, म्हणून एफआयए ८८५७-२००१ हे मानक पाळणारे कडक पॅडिंग मागवले आहे. ते येईपर्यंत गाडी वर्कशॉपमध्येच उभी राहील.