नेम चुकतो तो गोळी सुटायच्या आधीच

व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये समोरचा मला आधी दिसायचा, पहिली गोळीही मीच झाडायचे आणि मरायचेही मीच. बरेच महिने हे असंच चाललं होतं. मेल्यावर येणारा रिपोर्ट उघडला की माझ्या खात्यावर दोन गोळ्या त्याच्या पायाला, एक पोटात. त्याच्या खात्यावर एकच, माझ्या डोक्यात. हिशोब साधा आहे. हेल्थ १००, वर जड शील्डचे ५०. व्हँडल या रायफलची गोळी डोक्यात बसली की १६० जातात, अंगावर बसली तर ४०, पायावर ३४. म्हणजे त्याचं एका गोळीत काम होतं आणि मला अंगावर चार माराव्या लागतात. एवढा वेळ समोरचा देत नाही.

हरण्याचं दुःख वेगळं आणि हे वेगळं. टीममधले चौघे मेलेले, मी एकटी उरलेली, सगळे माझ्याच स्क्रीनकडे बघतायत, समोरचा पाठमोरा आहे आणि तरीही गोळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी भिंतीत जातायत. त्यानंतर हेडफोनमध्ये जी शांतता पसरते ती फार जिव्हारी लागते. मॅच संपल्यावरही कितीतरी वेळ तेच डोळ्यांसमोर येत राहायचं.

‘तुझे रिफ्लेक्सेस स्लो आहेत’ हे मी अनेकांकडून ऐकलं. म्हणून सगळ्यात आधी तेच तपासलं. स्क्रीनचा रंग बदलला की क्लिक करायचं, अशी साधी चाचणी असते. बहुतेक माणसांना पाहून बोट दाबायला दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात आणि मी त्यातच बसत होते. म्हणजे दुखणं तिथे नव्हतं. हे कळल्यावर मला खरंच धीर आला, कारण रिफ्लेक्सेस बदलणं आपल्या हातात फारसं नसतं, बाकीचं बरंच असतं.

मग माऊस. १६०० डीपीआय (माऊस एक इंच सरकला की किती ठिपके मोजतो तो आकडा) आणि गेममध्ये १.५ सेन्सिटिव्हिटी (तेवढ्या हालचालीला नेम किती फिरतो तो आकडा), असं मी खेळत आले होते. एक दिवस माऊसपॅडवर पट्टी ठेवून मोजलं: गेममध्ये स्वतःभोवती पूर्ण एक फेरी मारायला माऊस जेमतेम साडेपाच सेंटिमीटर सरकत होता. म्हणजे हात एक मिलिमीटर हलला तरी नेम साडेसहा अंशांनी सरकणार. लांब उभ्या असलेल्या माणसाचं डोकं स्क्रीनवर एका अंशाहूनही कमी रुंद असतं. एवढ्या बारीक हालचाली मनगटानं करायच्या म्हटलं तर कुणाच्याही हाताला ते जड जाईल.

८०० डीपीआय आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी केली. आता पूर्ण फेरीला सुमारे ४१ सेंटिमीटर लागतात आणि एका मिलिमीटरला नेम एक अंशही सरकत नाही. सुरुवातीला मात्र हाल झाले. मागून कुणी आलं की वळेपर्यंत खेळ खलास. माऊस पॅडच्या कडेवरून खाली पडायचा, खांदा भरून यायचा, कारण आता मनगटाऐवजी अख्खा हात फिरवावा लागत होता. मोठा पॅड घेतला, कीबोर्ड तिरका करून बाजूला सरकवला. इथे एक सांगावंसं वाटतं: मोठमोठ्या खेळाडूंची सेटिंग्ज उचलून दर दोन दिवसांनी आकडा बदलत बसण्यात काही अर्थ नाही. साधारण बऱ्यापैकी हळू असा एक आकडा धरावा आणि त्याला हात लावू नये. हाताला सवय व्हायला वेळ लागतो आणि आकडा बदलला की ती सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, असूनही डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच होता. तो बदलल्यावर नवं चित्र १६.७ ऐवजी ६.९ मिलिसेकंदांनी येऊ लागलं. हलणारा माणूस डोळ्यांना सलग दिसायला लागला. पाच मिनिटांचं काम, ज्यानं त्यानं एकदा बघून घ्यावं.

इतकं करूनही हेडशॉट वाढले थोडेच. खरी गोम कळली ती रेकॉर्डिंग हळू करून बघताना. टीममधली एक जुनी खेळाडू सोबत बघत होती. ती म्हणाली, “अगं, तुझा नेम बरा आहे. तू थांबतच नाहीस.” पुन्हा बघितलं. कोपऱ्यावरून बाहेर येताना माझं क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मध्यावरची नेमाची खूण, जमिनीकडे, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर होतं. माणूस दिसला की ते आधी वर जायचं, मग बाजूला, आणि तेवढ्यात बोट दाबलेलं असायचं. शिवाय उजवीकडे चालायची ‘डी’ की अजून दाबलेलीच. चालताना, पळताना रायफलची गोळी क्रॉसहेअरच्या मध्यावर जातच नाही, गेमनं ती मुद्दाम विखुरलेली असते. म्हणजे एखादवेळी नेम डोक्यावर असला तरी गोळी तिथे पोचण्याची खात्री नव्हती.

त्यानंतर सरावच बदलला. कस्टम गेममध्ये रिकामा मॅप उघडायचा आणि गोळी न झाडता नुसतं चालायचं, क्रॉसहेअर मात्र सतत डोक्याच्या उंचीवर आणि माणूस जिथून निघेल त्या कडेवर. असेंट या मॅपवर ‘ए मेन’ या वाटेनं साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) येताना जनरेटरकडे बघताना उंची एक असते आणि ‘हेव्हन’ या उंचावरच्या जागेकडे बघताना नेम बराच वर न्यावा लागतो. हे पाठ व्हायला फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागल्या. कंटाळवाणं काम आहे, पण मला सगळ्यात जास्त फळ यातूनच मिळालं. नेम आधीच जागेवर असला की माणूस स्वतःच त्यात चालत येतो.

मग पाय. ‘डी’ सोडून क्षणभर उलट्या दिशेची ‘ए’ दाबायची, शरीर थबकतं, त्याच क्षणी गोळी. सेटिंगमध्ये शूटिंग एररचा आलेख चालू करता येतो. चालण्यामुळे गोळी किती विखुरली ते त्यात दिसतं. रेंजमध्ये, म्हणजे गेममधल्या सरावाच्या जागेत, बॉट (गेमच चालवतो ते पुतळे) मारताना मी बॉटकडे कमी आणि त्या आलेखाकडे जास्त बघायचे. तीन-चार गोळ्यांत माणूस पडला नाही तर बोट उचलायचं, बाजूला सरकायचं, पुन्हा थांबून मारायचं, हीही सवय तिथेच लावली.

एम ट्रेनर, म्हणजे नेमाचा सराव करून घेणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल बरेच जण विचारतात. कोवाक्स, एम लॅब्स दोन्ही चांगले आहेत, फ्लिक (झटक्यात नेम वळवणं) आणि ट्रॅकिंग (हलत्या टार्गेटमागे नेम ठेवणं) त्यातून नक्की सुधारतं. पण त्यात कोपरे नसतात आणि पायही नसतात, त्यामुळे माझ्यासारखी अडचण असेल तर आधी मॅपवर चालावं. डेथमॅचमध्ये, जिथे प्रत्येक जण एकटा सगळ्यांविरुद्ध खेळतो, मागून कुणीतरी मारतंच. तिथे स्कोअर बघणं मी सोडून दिलं, प्रत्येक लढतीत मी थांबून मारलं का एवढंच बघते.

आता समोरासमोरच्या लढती मी बऱ्याचदा जिंकते आणि हरले तरी का हरले ते सांगता येतं. जवळून उसळी मारून वर जाणारी जेट (गेममधलं एक पात्र) मात्र अजून सुटते. तिथे आधी धरून ठेवलेली उंची कामाची नाही, हलत्या माणसाच्या मागे नेम सहज फिरवता यायला हवा. म्हणून सध्या मॅच सुरू करण्याआधी ट्रॅकिंगच करते, तेही हळू फिरणाऱ्या टार्गेटवर.