भाकरीतलं लोह रक्तात का उतरत नाही?

बाबांना मधुमेह निघाला तेव्हा त्यांचं वजन होतं 58 किलो. एवढ्या काटक माणसाला साखर कशी, हा प्रश्न आमच्या घरात कितीतरी दिवस घोळत राहिला. बी.एस्सी.नंतर अकरा वर्षांनी मी पोषणशास्त्राच्या एम.एस्सी.ला बसले आणि पहिल्याच सत्रात वर्गात एक फोटो पाहिला. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. हा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. काटक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असू शकते, हे सांगत संध्याकाळी मी तो बाबांना दाखवला. ते बराच वेळ बघत बसले.

जीवरसायनशास्त्राने पहिलं वर्ष घाम काढला. मुलगी झोपल्यावर रात्री दहा ते एक अभ्यास, एवढंच त्याबद्दल सांगते. खरं शिकले ते डिसर्टेशनमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या कामात.

विषय होता शिरूर तालुक्यातल्या बायकांचा आहार आणि हिमोग्लोबिन. पद्धत चोवीस तासांच्या आठवणीची: काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते विचारायचं. पहिल्याच घरी उत्तर मिळालं, “काय खानार ताई, भाकर खाल्ली, कालवण खाल्लं.” मग हळूहळू विचारत गेले. उठल्यावर चहा? त्याच्याबरोबर काय? रानात काही तोंडात टाकलं? रात्री तुम्ही कधी जेवलात, आणि तेव्हा पातेल्यात भाजी किती उरली होती? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जणी गप्प व्हायच्या. तो प्रश्न कुठल्याही नमुना फॉर्ममध्ये नव्हता, मी घातला.

भाकरीचं माप ही दुसरी अडचण. एका घरची भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची, शेजारची एकशेवीसची. शेवटी पिशवीत वजनकाटा घेऊन फिरू लागले आणि प्रत्येक घरी उंडा करण्याआधी पीठ मोजलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात बाजरीत शंभर ग्रॅममागे सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह आहे. मी सगळ्यांचं दिवसाचं लोह 29 मिलिग्रॅमशी ताडून पाहिलं आणि जवळजवळ प्रत्येक बाई कमी पडली. मार्गदर्शक मॅडमनी वही परत दिली. 29 हा शिफारस केलेला आकडा, जवळपास सगळ्यांना पुरेल असा मुद्दाम वर ठेवलेला. गटात किती जणींना कमी पडतं हे बघायचं तर सरासरी गरज धरायची, ती 15. पुन्हा हिशेब केला आणि निम्म्याहून जास्त जणी कागदावर पास झाल्या. त्यांच्यातल्याही अनेकींचं हिमोग्लोबिन मात्र 12 च्या, म्हणजे रक्तक्षयाच्या रेषेच्या, खाली होतं!

इथे मला तो फोटो आठवला. बाहेरून मोजलेलं आणि आत असलेलं यात पुन्हा तेवढंच अंतर. बाजरीतलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला धरून ठेवतं. सकाळची भाकरी चहात बुडवून खाल्ली की चहातले पॉलिफिनॉल त्यात भर घालतात. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर यकृत हेपसिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक जास्त सोडतं. मग आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह रक्तात उतरत नाही, चार-पाच दिवसांत त्या पेशी झडतात आणि लोह त्यांच्याबरोबर बाहेर जातं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही सुजेत वाढलेलं दिसतं, म्हणून ते सूज दाखवणाऱ्या सीआरपी या रक्ततपासणीसोबतच वाचायचं. हेपसिडिनचा धडा मी परीक्षेसाठी तीनदा वाचला होता, पण कळला तो या वहीपाशी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. हा आकडा पूर्वी मी नुसता पाठ केला होता. आता तो वाचला की पातेलं खरवडून जेवणाऱ्या वहिनी दिसतात.

निकाल सांगायला गेले तेव्हा चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा आणि लोह अंगी लागावं म्हणून भाजीवर लिंबू पिळा, असं सांगितलं. “लिंबू हाय की दारात,” एक काकू म्हणाल्या. एका वहिनींचं हिमोग्लोबिन 7.6 निघालं. त्यांना नुसतं लिंबू पुरणार नाही. सोमवारी त्यांच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार आहे.