घरातले उंदीर फक्त सापळ्यांनी घालवताना

तळमजल्यावरच्या घरात पावसाळ्याच्या तोंडाशी उंदीर शिरणार, हे धरूनच चालावं लागतं. बिळांत पाणी भरलं की ते कोरड्या जागेकडे सरकतात. आमचं घर आम्ही विष न वापरता मोकळं केलं. ब्रोमाडायोलोनसारखं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस घेतो, आणि मग माळ्यावर किंवा ओट्यामागे हात पोचणार नाही अशा ठिकाणी मरून पडतो. त्या वासापुढे उंदीर बरा वाटतो. सापळ्यात मेलेला निदान कुठे आहे ते कळतं.

आधी कोण आलंय ते लेंड्यांवरून ठरवायचं. जिऱ्याएवढ्या, टोकदार लेंड्या म्हणजे लहान उंदीर. सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठ्या असल्या तर मोठा उंदीर. घराबाहेर भिंतीलगत मातीचे ताजे ढीग दिसले तर घूस. तिला घरगुती चाप पुरत नाही, मोठा लोखंडी पिंजरा लागतो. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हे, झुरळं आणि किडे खाते. पिंजऱ्यात सापडली तर बाहेर सोडून द्यावी.

त्यानंतर वाट शोधायची. रात्री झोपताना ओट्याखाली, फ्रिजमागे, माळ्याच्या कडेला टाल्कम पावडरीचा पातळ थर भुरभुरावा. पीठ नको, ते खायलाच येतील. सकाळी पावलं आणि मधे शेपटीची रेघ दिसते. उंदीर भिंतीला अंग घासत जातो, त्यामुळे रोजच्या वाटेवर मेणचट काळपट पट्टाही असतो. सापळा तिथेच लावायचा. खोलीच्या मधोमध लावलेला सापळा म्हणजे फुकट गेलेलं खोबरं.

लाकडी पाटावरचा स्प्रिंगचा चाप दोन आकारांत मिळतो आणि इथेच बरेच जण फसतात. लहान चापात मोठा उंदीर नुसता जखमी होतो, चापासकट पळतो. मोठ्यासाठी साधारण वीतभर लांबीचाच घ्यावा. घरी आणल्यावर जुन्या पेन्सिलीनं सोडून बघावा; पेन्सिल नुसती दाबली गेली, मोडली किंवा खोल चेपली नाही, तर स्प्रिंग ढिली आहे, बदलून घ्यावा. चाप भिंतीला काटकोनात ठेवायचा, आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठ्या उंदरासाठी दोन चाप शेजारी-शेजारी, म्हणजे एकावरून उडी मारली तरी दुसरा लागतो. लहान उंदीर जागेपासून फार लांब जात नाही, म्हणून एका स्वयंपाकघरात एक चाप ठेवून भागत नाही. पाच-सहा लावावेत, दीड-दोन मीटर अंतरानं.

आमिष तुरीच्या डाळीच्या दोन दाण्यांएवढं पुरे. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो, कारण तो दोऱ्यानं बांधता येतो आणि उंदराला ओढावा लागतो. शेंगदाण्याचं कूट गुळात मळून चापाच्या खाचेत दाबून बसवलं तरी चालतं. मासे खाणाऱ्या घरात सुकटीचा एक दाणा. आमिष आधी बसवायचं, चाप मग ताणायचा, आणि तो काठीनं जागेवर सरकवायचा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: थांबणं. लहान उंदीर चौकस असतो, पहिल्याच रात्री लागू शकतो. मोठा नव्या वस्तूला घाबरतो, काही दिवस जवळही फिरकत नाही. म्हणून चाप न ताणता, आमिष बांधून चार-पाच रात्री तसेच ठेवायचे. आमिष रोज संपायला लागलं की एकाच रात्री सगळे ताणायचे. घाई करून पहिल्या रात्री ताणला आणि उंदीर निसटला, तर तो त्या चापाकडे पुन्हा सहज येत नाही. या दिवसांत बाकीचं अन्न मात्र उघडं राहता कामा नये: कचऱ्याला झाकण, धान्य स्टीलच्या डब्यात, खरकटी भांडी रात्रीच घासलेली. ओट्यावर पोळी सापडत असेल तर खोबऱ्याकडे कोण बघणार?

आमिष गेलं पण चाप सुटला नाही, तर आमिष जास्त आहे किंवा कडी घट्ट बसते आहे. चाप सुटला पण रिकामा, तर बहुधा तो भिंतीपासून लांब किंवा उलटा ठेवलाय. आणि मुंग्या! त्या रात्रीत खोबरं पोखरतात. आमिष संध्याकाळी उशिरा लावावं, सकाळी काढावं. मुंग्यांचा खडू चापाभोवती ओढू नये. उंदीर त्या वासानं टाळू शकतो.

जाळीचा पिंजरा वापरणार असाल तर रोज पहाटे बघायलाच हवा. आत पाण्याविना तडफडणारा जीव ठेवणं मला मान्य नाही. गोंदाच्या पट्ट्यांचंही तेच. लहान मुलं किंवा मांजर असेल तर चाप खोक्यात ठेवावा, दोन्ही टोकांना पाच सेंटीमीटरची भोकं पाडून.

मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नये. अंग गार पडू लागलं की पिसवा सोडून जातात, म्हणून सकाळी लगेच हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं ठेवावं, मग पुसावं. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) आजार उंदरांच्या लघवीतून पसरतो, त्यामुळे पावसाळ्यात पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगावं.

सापळे रिकामे राहू लागले की भोकं बुजवायची. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर शिरतो. सिंकच्या पाइपभोवतीची जागा आणि एसीच्या नळीचं भोक स्टीलच्या तारेच्या घासणीनं ठासून वर सिमेंट लावावं. नुसता फोम तो कुरतडून टाकतो. नहाणी ट्रॅपला, म्हणजे बाथरूमचं सांडपाणी जातं त्या भोकाला, घट्ट बसणारी जाळी, दाराखाली अॅल्युमिनियमची पट्टी. गॅसची रबरी नळी मात्र पहिल्याच दिवशी तपासावी आणि दाताच्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी बदलावी. बुजवून झाल्यावर पुन्हा पावडर भुरभुरून दोन आठवडे बघावं. थर कोरा राहिला तर चाप धुऊन, वाळवून ठेवावेत.