तुमचं कोणी आहे का नागपुरात?

हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला की शेवटी नवरा "एक मावशी आहे, महाल भागात" असं ठोकून द्यायला लागला. मावशी वगैरे कोणी नव्हती. मी चिपळूणची, तो सांगलीचा, नोकरीला दोघंही मुंबईत. नागपूर त्याने एकदा मित्राच्या लग्नात पाहिलेलं, मी तेही नाही. नागपूरला माणसं जातात ती बदली झाली म्हणून, नाहीतर माहेर-सासर तिकडचं म्हणून. भाडं परवडतं म्हणून कोणी तिकडे बिऱ्हाड हलवतं, हे घरच्यांना पटेचना. माझ्या वडिलांना तर कितीतरी दिवस वाटत होतं की जावयाची नोकरी गेलीय आणि पोरं लपवतायत.

नोकरी शाबूत होती. भांडुपला वन बीएचके, भाडं ३२,०००. २०२४ च्या फेब्रुवारीत मालकाने नव्या करारासाठी ३६,००० सांगितले आणि वर "सावकाश कळवा, घाई नाही" म्हणाले. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्या रात्री आम्ही वही काढली.

सगळे पुणं सुचवतात. आम्हीही पाहिलं. नवऱ्याच्या तिथल्या ऑफिसच्या आसपास भाडं पाच-सहा हजारांनी उतरत होतं आणि रस्त्यावरचा वेळ मात्र तेवढाच राहत होता. हैदराबादचा विचार केला, पण राज्य बदललं की गाडीची एनओसी, नवी नोंदणी, पुन्हा रोड टॅक्स. शिवाय माझ्या आईला तिथे फोनवर शेजारणीशी बोलता येणार नाही, हा तिचा स्वतंत्र मुद्दा. मग नवऱ्याच्या कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात, विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक वसाहतीत, जागा निघाली आणि त्याने अंतर्गत बदलीसाठी अर्ज टाकला. माझं काम हिशेब तपासणीचं, बरंचसं घरून होणारं. तीन महिन्यांतून एक आठवडा मुंबईत यायचं, या बोलीवर साहेब तयार झाले. ही बोली ईमेलवर घेतली. तोंडी कबूल केलेली गोष्ट साहेब बदलले की हवेत जाते, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

हिशेब तपासणं पोटापाण्याचं असल्यामुळे एक गोष्ट मला आधीच दिसली होती. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सवलत मोजताना मुंबईला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत मर्यादा धरतात, नागपूरला ४०. तसंही भाडंच निम्म्यावर आलं की सवलत आपोआप खाली येते. म्हणजे भाड्यात वाचलेल्या पैशातला थोडा भाग करात जाणार. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू जरा आनंद होऊ देशील का?"

ऑफिसातल्या एका नागपूरकराने बजावलं होतं, हिवाळ्यात जाऊन घर पसंत करू नका, हिवाळ्यात नागपूर कोणालाही आवडतं. म्हणून मुद्दाम मे महिन्याच्या शेवटी, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस लागल्यावर गेलो. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी उतरलो तेव्हाच स्टेशनबाहेरचा वारा मुंबईच्या दुपारसारखा होता. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारपेठेत, लॉज घेतला आणि चार दिवसांत अकरा घरं पाहिली.

घर बघण्याची आमची मुंबईची पद्धत इथे कुचकामी ठरली. मुंबईत आपण काय बघतो? स्टेशन किती मिनिटांवर, पाणी किती वाजता, सोसायटीवाले कसे. इथे दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्या काकांनी ज्ञान दिलं, "मॅडम, घर सकाळी नका पाहू. चार वाजता पाहा, अन् भिंतीला हात लावून पाहा." त्यानंतरची सगळी घरं चार ते सहा या वेळात पाहिली. सर्वात वरच्या मजल्याचं एक सुंदर घर होतं, मोठी गच्ची, भाडंही कमी. आतल्या भिंतीला हात लावला आणि भाकरीचा तवा आठवला. स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री बारापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहते. पश्चिमेची भिंत उघडी असेल तरी तेच. नळाचं पाणी चार वाजता हात भाजेल इतकं गरम; बादली सकाळीच भरून ठेवायची असते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक.

आणि कूलर. मुंबईच्या दमट हवेत कूलर लावून उपयोग नाही, त्यामुळे आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर बसतो, बाहेरची कोरडी हवा बाजूंना बसवलेल्या गवताच्या ओल्या ताट्यांतून आत ढकलतो, आणि आतली हवा जायला समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी लागते. म्हणजे घर बघताना कूलरची खिडकी कुठली, तिच्यासमोर हवा जायला वाट आहे का, आणि टाकी भरायला पाणी जवळ आहे का, हे तीन प्रश्न. आम्ही पहिल्या पाच घरांत यातलं काहीच विचारलं नव्हतं.

त्रिमूर्तीनगरच्या बाजूला एका दुमजली घराचा पहिला मजला मिळाला. वर आणखी एक मजला, त्यामुळे स्लॅबचा ताप त्यांना. खाली मालक काका-काकू. दोन बेडरूम, १४,५०० किराया. इकडे भाडं म्हणत नाहीत, किरायाच म्हणतात. काकूंनी चहा दिला आणि तोच प्रश्न, "मुंबईहून इकडं कायले येऊन राहिले तुम्ही? कोणी आहे का इथं?" नवरा मावशी काढणार एवढ्यात मी खरं सांगून टाकलं. काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "किराया पाचशे कमी करा हो यांचा." काकांनी केला नाही, पण डिपॉझिट दोन महिन्यांचंच घेतलं.

आता आमची चूक. करार काकांनी नेहमीच्या माणसाकडून करून घेतला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे. ते काम आता ऑनलाइन होतं, माणूस घरी येऊन आधार क्रमांक टाकतो आणि अंगठे घेतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अधिक डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज. आमचं ४०० च्या आसपास निघालं. नोंदणीचे १,००० आणि त्या माणसाची फी वेगळी. सगळं पाऊण तासात झालं. फक्त भाडेकरू म्हणून नाव एकट्या नवऱ्याचं टाकलं. त्या माणसाने विचारलं होतं, "मॅडमचं पण टाकायचं का?" आणि मी, कागदपत्रं तपासण्याचा पगार घेणारी बाई, म्हणाले, "काही गरज नाही."

त्या तीन शब्दांची किंमत दोन महिने मोजली. नवऱ्याने करार अपलोड करून आधारवरचा पत्ता घरबसल्या बदलला. माझ्याकडे नागपूरच्या पत्त्याचा एकही पुरावा नव्हता. बँकेत पत्ता बदलत नव्हता. वीजबिल मालकाच्या नावावर. शेवटी आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय सापडली: लग्नाचा दाखला जोडायचा, अर्ज टाकायचा, मग कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांत तो मंजूर करायचा. कुटुंबप्रमुख सोफ्यावर झोपलेला होता. त्याच्या मोबाईलवरचा ओटीपी घेऊन मीच मला मंजुरी दिली. पण त्यासाठी लग्नाचा दाखला हाताशी हवा, आणि आमचा होता खोक्यांत. खोकी होती ट्रकमध्ये.

त्या ट्रकची गोष्ट लांबवत नाही. तीन दिवसांत सामान पोहोचवतो म्हणाले, सहाव्या दिवशी आलं. सामान दुसऱ्या दोन बिऱ्हाडांसोबत एकाच ट्रकमध्ये होतं हे आम्हाला फोन करकरून कळलं. खाली उतरवायच्या आधी "जिन्याचे जास्तीचे" म्हणून ३,००० मागितले. आम्ही पहिला मजला आधीच लिहून दिला होता आणि तो मेसेज दाखवल्यावर १,००० वर तुटलं. सगळं लेखी घ्या, एवढंच. वॉशिंग मशीनचे वाहतुकीचे बोल्ट मात्र आम्हीच तीन वर्षांपूर्वी भंगारात टाकले होते. पुढून उघडणारं मशीन असेल तर हलवताना ते मागे लावावे लागतात, नाहीतर आतला ड्रम हिंदकळतो. आमचं मशीन आजही कपडे पिळताना स्वयंपाकघरापर्यंत चालत येतं.

मोटारसायकल नवरा चालवत नेणार होता, समृद्धी महामार्गाने. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे हे त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मग रेल्वेने पाठवली. आपलं त्याच गाडीचं तिकीट असेल तर ती लगेज म्हणून जाते, नसेल तर पार्सल. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, आणि गोणपाट, पुठ्ठा बांधून द्यावा लागतो. बांधणारे पार्सल ऑफिसबाहेरच उभे असतात. एमएच ०३ चीच पाटी अजून आहे. राज्य तेच, त्यामुळे नवा नंबर नाही, नवा टॅक्स नाही, फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा.

गॅसची गंमत झाली. भांडुपला पाइपचा गॅस होता, मालकाच्या नावावर. इथे नवं कनेक्शन, १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट २,२०० आणि रेग्युलेटरचं २५०. शेगडी आमचीच जोडली. पहिल्या दिवशी पोहे करायला घेतले तर हातभर पिवळी ज्योत आणि कढईचं बूड काळं ठिक्कर. मला वाटलं सिलिंडरच खराब. काकूंनी वर येऊन पाहिलं आणि मेकॅनिक बोलावला. पाइपच्या गॅसची नोझल मोठ्या भोकाची असतात, सिलिंडरला छोटी लागतात. पंधरा मिनिटांचं काम. मुंबई सोडताना ही गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

पैशाचं विचाराल तर वहीत आम्ही महिन्याला १७,५०० वाचतील असं लिहिलं होतं. पहिल्या वर्षाची सरासरी निघाली ९,००० च्या जरा वर. बाकीचे कुठे गेले? मुंबईत लोकलच्या पासवर जग फिरता येतं. इथे मेट्रो छान आहे, स्वच्छ, बर्डीला ॲक्वा लाइनवरून ऑरेंज लाइनला बदललं की मिहानजवळच्या खापरीपर्यंत जाता येतं. पण घरापासून मेट्रो आणि मेट्रोपासून ऑफिस हे दोन तुकडे उरतातच, आणि रिक्षा मीटरने जात नाही. प्रत्येक वेळी घासाघीस. ती मला जमत नाही. महिनाभरात माझ्यासाठी जुनी स्कूटी घेतली. मग कूलर. कूलर ऊन असेपर्यंत राजा, पण पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की तोच कूलर अंग चिकट करतो, तेव्हा एसी. मग डिसेंबरात रजया, कारण मुंबईच्या चादरी इथल्या थंडीत हसतात. माझ्या मुंबईच्या फेऱ्या, सणाला चिपळूण आणि सांगली. पूर्वी रात्रीच्या एसटीत बसलं की सकाळी घरी. आता एका बाजूचेच दीड दिवस. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ऑपरेशन संपल्यावर पोहोचले. हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं मला अजून कळलेलं नाही.

नवरा मात्र साडेसहाला घरी असतो. भांडुपला मी त्याला सोमवार ते शुक्रवार उजेडात पाहिलेलं आठवत नाही. दुसरी खोली माझं ऑफिस आहे, तिला दार आहे, ते लावता येतं. पहिल्या आठवड्यात मी ते उगाचच दोन-तीनदा लावून पाहिलं.

वडील आता म्हणतात, मग तिकडेच घर घ्या. काकांनी त्यावर एकच सांगून ठेवलंय: प्लॉट बघायला गेलात तर भाव नंतर, आधी "आरएल आहे का" विचारा. म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर. सध्या तरी आम्ही कुठला प्लॉट बघायला गेलेलो नाही.

भाषेचं मला वाटलं होतं, मराठीच तर आहे. पहिल्या भाजीवालीने "सांबार टाकू का?" विचारलं आणि मी घाबरून नको म्हणाले. सांबार म्हणजे कोथिंबीर. आणि ते "करून राहिलो, जाऊन राहिलो", म्हणजे करतोय, जातोय. नवरा सुरुवातीला रोज रात्री त्याची नक्कल करायचा. बसून राहिलो, जेवून राहिलो, झोपून राहिलो. मी त्याला दटावायची की खाली काकू ऐकतील.

कागदांपैकी शेवटचं काम मतदार यादीचं उरलं होतं. पत्ता बदलायला आता फॉर्म ८ भरतात, मतदारसंघ बदलला तरी तोच. या वेळी माझ्याकडे माझ्या नावाचा पुरावा होता. अर्ज केल्यावर काही दिवसांनी दुपारी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाई चौकशीला आल्या, डोक्याला ओढणी गुंडाळून, घामाघूम. त्यांना पाणी दिलं. त्यांनी यादीवर बोट ठेवून नावं वाचली, घर वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "इथंच राहून राहिले ना तुम्ही?"

"हो," मी म्हणाले, "राहून राहिलो आम्ही."

आतल्या खोलीतून नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला. बाईंनी यादीवर खूण केली आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारलं.