शीर्षकातला माणूस

मंगळवार, रात्री उशिरा

शीर्षकं चालू असताना पॉज दाबायचं तसं काही कारण नव्हतं. दाबलं. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

पडद्यावर रॉड सर्लिंग, 'ट्वायलाइट झोन' या अमेरिकन अद्भुतकथा मालिकेचा मूळ जनक आणि निवेदक. मी बघत होतो तो तिचा १९८५ चा नवा अवतार, पहिला सीझन, पहिली डिस्क. चित्रं एकमेकांत विरघळत सरकत असतात, ग्रेटफुल डेड या रॉक बँडने नव्याने बांधलेली ती थीम खालून घुमत असते, आणि मध्येच त्याचा चेहरा येऊन जातो. पापणी लवायच्या आत. तो तिथे आहे यात नवीन काही नाही, ही मालिका बघितलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. पण इतकी वर्षं तो यायचा आणि जायचा. आज थांबला, आणि बघवेना.

का, ते लिहून बघतो.

सर्लिंग गेला २८ जून १९७५ रोजी. वय पन्नास, हृदयाची शस्त्रक्रिया, सिगारेट आयुष्यभर. ही नवी मालिका सीबीएस वाहिनीवर लागली २७ सप्टेंबर १९८५ रोजी, म्हणजे त्याला जाऊन दहा वर्षं उलटली होती. आणि असता तरी मालिका त्याची कुठे होती? मूळ मालिकेचे १९५९ ते १९६४ मध्ये १५६ भाग झाले, त्यातले ९२ त्याने स्वतः लिहिले, आणि बंद पडल्यावर आपला हिस्सा सीबीएसलाच विकून टाकला. व्यवहार पूर्ण, कुणाचं कुणाला देणं नाही. मग हा चेहरा तिथे कशाला? नमस्कार म्हणून, की पाटी म्हणून? दुकान दुसऱ्याने चालवायला घेतलं तरी गल्ल्यामागचा मूळ मालकाचा हार घातलेला फोटो तसाच ठेवतात, जुनं गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून. तसलंच काहीतरी वाटतंय. आणि त्या गिऱ्हाइकात आपण आहोत, हे जास्त टोचतंय.

तो चेहरा धरायचा कसा हे इथेच टिपून ठेवतो, नाहीतर पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात. डिस्क अमेरिकन, रीजन १ (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचं कुलूप). आपल्याकडचा रीजन ५. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवला तो कायमचा, त्यामुळे तिथे हात लावायचा नाही. व्हीएलसी हा कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ प्लेयर बहुतेक वेळा रीजन न विचारताच डिस्क वाचतो. काही ड्राइव्ह मात्र अडून बसतात. त्यांच्यासाठी जुना रीजन-फ्री प्लेयर जपून ठेवायचा. व्हीएलसीत कीबोर्डवरचं 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. मागे जात नाही. चेहरा हुकला की दहा सेकंद मागे उडी मारून पुन्हा टकटक. म्हणून शीर्षकाची अक्षरं दिसायच्या बऱ्याच आधी पॉज करून तिथून मोजत यायचं.

आणि सापडला तरी तो अख्खा सापडत नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, अमेरिकन टीव्ही जवळजवळ तीसचा. हिशोब जुळवायला फिल्मच्या चार फ्रेम व्हिडिओच्या पाच फ्रेममध्ये वाटतात, त्याही अर्ध्या-अर्ध्या, सम रेषा आणि विषम रेषा वेगळ्या करून. त्यामुळे पाचातल्या तीन फ्रेम स्वच्छ येतात आणि दोन दातेरी, कारण त्या दोघींत अर्ध्या रेषा एका क्षणाच्या आणि अर्ध्या पुढच्या. हा क्रम शेवटपर्यंत टिकला तर सॉफ्टवेअर तो उलटा फिरवून मूळ २४ फ्रेम परत काढू शकतं. पण त्या दशकात चित्रण फिल्मवर आणि संकलन व्हिडिओ टेपवर करायची पद्धत होती. टेपवर प्रत्येक कटला क्रम मोडतो. जिथे एक चित्र दुसऱ्यात विरघळतं तिथे दोन वेगळे क्रम एकावर एक बसतात, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर हात टेकतं. शीर्षकं म्हणजे सगळी विरघळणंच. डीइंटरलेस, म्हणजे त्या अर्ध्या-अर्ध्या रेषा सांधणारी सोय, बंद ठेवलं तर त्याच्या चेहऱ्यावर आडवे दात. 'यादिफ' नावाचा सांधणारा फिल्टर लावला तर दात जातात, पण भुवयांची धार जाते आणि तो मेणाचा वाटायला लागतो. दोन्ही करून बघितलं. दात परवडले.

याहून स्वच्छ तो कधी मिळेल असं वाटत नाही. डीव्हीडीची फ्रेम ७२० गुणिले ४८०, आणि तिच्यामागे टेप. टेपच्या वर काही नाही. हाय डेफिनिशन हवं तर मूळ निगेटिव्ह शोधायच्या, पुन्हा स्कॅन करायच्या, प्रत्येक भाग नव्याने जोडायचा, इफेक्ट परत बनवायचे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'साठी २०१२ पासून हे सगळं केलं, कारण तिथे मागे गर्दी होती. इथे कोण आहे? सर्लिंगची मूळ मालिका लोकांना हवी असते, २०१९ ची नवी निदान माहीत असते. ऐंशीच्या दशकातली ही मधली पोर. हिच्यासाठी कुणी निगेटिव्ह शोधायला तळघरात उतरणार नाही. आणि हिच्याबद्दल बोलावं असं माणूस आता... दादाला फोन केला असता तर तो म्हणाला असता, झोप. बरोबरच म्हणाला असता. असो.

खरं तर मालिका वाईट नव्हतीच, म्हणून जास्त लागतं. पहिल्या रात्रीच्या तासात दोन गोष्टी, दोन्ही भयपटांच्या वेस क्रेव्हनने दिग्दर्शित केलेल्या. एकीत ब्रूस विलिस बारमधून नंबर फिरवतो, चुकून स्वतःच्याच घरचा लागतो, आणि पलीकडून उचलणाराही तोच असतो. दुसरीत मेलिंडा डिलनला बागेत एक लॉकेट सापडतं, तिने ओरडून गप्प बसवलं की सगळं जग जागच्या जागी थबकतं. तासात गोष्टी किती आणि केवढ्या याला नियम नव्हता, आणि तीच या मालिकेची खरी कमाई. 'एक्झामिनेशन डे' काही मिनिटांत संपते, तिला त्याहून एक मिनिटही जास्त नको. तिच्याच तासात 'अ मेसेज फ्रॉम चॅरिटी' निवांत पसरते. पुढे पुनःप्रसारणासाठी अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडले, तेव्हा हे माप गेलं. डीव्हीडीवर मूळ तास आहेत. हा संच घ्यायला एवढं एक कारण पुरे.

पण मी चेहऱ्याबद्दल लिहीत होतो.

जुन्या मालिकेत सर्लिंग दुसऱ्या सीझनपासून स्वतः दृश्यात उभा राहायचा. पात्रं आपल्या नादात, हा कडेला, हातात सिगारेट. इथे निवेदक चार्ल्स एडमन, त्याचा फक्त आवाज. मऊ, थोडा थकलेला. एडमनने मूळ मालिकेत दोन भागांत काम केलेलं, म्हणजे तो घरचाच. तरी कित्येक गोष्टींत तोही बोलत नाही. गोष्ट संपते, पडदा काळा होतो, आणि आपण कुणीतरी काही म्हणेल म्हणून थांबलेलो असतो. ती रिकामी जागा त्यांना कळत होती म्हणून त्यांनी शीर्षकात तो चेहरा ठेवला, असं समजून घ्यावं का? तशी समजूत काढून झोपायला जात होतो. मग १९८५ चा नाताळ आठवला आणि परत उठून बसलो.

त्या नाताळच्या तासासाठी लेखक हार्लन एलिसन 'नॅकल्स' नावाची गोष्ट दिग्दर्शित करणार होता. मालिकेचा तो सर्जनशील सल्लागार. गोष्टीत एक वर्णद्वेष्टा माणूस होता, सांताक्लॉजचा उलटा अवतार होता. सीबीएसच्या सेन्सॉर विभागाने ती अडवली आणि एलिसन नोकरी सोडून गेला. २० डिसेंबरच्या तासात आर्थर क्लार्कची 'द स्टार' लागली, पण शेवट मऊ करून. मूळ गोष्टीत बेथलेहेमचा तारा म्हणून दिसलेल्या स्फोटात एक परग्रही संस्कृती जळाली हे कळल्यावर पाद्री त्या संस्कृतीपुढे आणि आपल्या देवापुढे निरुत्तर उभा राहतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. टीव्हीवर त्या संस्कृतीने मागे ठेवलेली एक कविता सापडते आणि त्याचं समाधान करते. कविता वाईट नाही. पण ज्याला समाधान मिळू नये म्हणून गोष्ट लिहिली गेली, त्याला ते देऊन टाकायचं म्हणजे काय?

आणि सर्लिंग विज्ञानकथेकडे वळला तो कशापायी? १९५६ मध्ये एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या खटल्यावरून लिहिलेलं त्याचं टीव्ही नाटक प्रायोजकांनी इतकं खरवडलं, की मूळ प्रकरण ओळखूही येईना. माणसाच्या तोंडून बोलू देत नाहीत ते परग्रहवासीयाच्या तोंडून वदवता येतं, हे त्याने तिथून उचललं. त्याच माणसाचा चेहरा शीर्षकात, आणि त्याच इमारतीत तीस वर्षांनी तेच भांडण, तसंच हरलेलं. हे मला बघवेना. आता निदान कळलं.

बुधवार

रात्री जरा जास्तच झालं. चहा घेताना वाचलं तेव्हा मीच त्याचा वारस असल्यासारखा रुसून बसलोय असं दिसलं.

सर्लिंगला स्वतःला या बाबतीत फार सोवळं नव्हतं. जुन्या मालिकेच्या भागाअखेर तो पडद्यावर येऊन प्रायोजकाच्या सिगारेटची भलामण करायचा, तीही तितक्याच गंभीर आवाजात, जणू ते पाकीटसुद्धा पाचव्या मितीतून आलंय. मालिका संपल्यावर त्याने जाहिराती केल्या, समुद्रसंशोधक कूस्तोच्या माहितीपटांना आवाज दिला. 'नाइट गॅलरी' या त्याच्या पुढच्या मालिकेत तर तो चित्रांशेजारी उभा राहून ओळख करून द्यायचा, आणि कुठल्या गोष्टी घ्यायच्या यात त्याचं चालत नाही म्हणून कुरकुरायचा. तरी उभा राहायचा. आपला चेहरा बाजारात किती भावाने जातो हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या वतीने एवढं मनाला लावून घ्यायला त्याने मला वकीलपत्र दिलेलं नाही.

आणि पुढे जे झालं त्यापुढे ते शीर्षक म्हणजे फारच शालीन. १९९४ मध्ये डिस्नीने लिफ्ट खाली कोसळवणारी राइड काढली, तिच्यात सर्लिंगचं जुनं चित्रण आणि मार्क सिल्व्हरमनने काढलेला त्याचा हुबेहूब आवाज. २०१९ च्या नव्या मालिकेने पहिल्या सीझनच्या शेवटी चक्क डिजिटल सर्लिंग उभा केला, चालता-बोलता, पुन्हा सिल्व्हरमनच्याच आवाजात. १९८५ वाल्यांनी त्याला एक शब्दही बोलायला लावला नाही. चमकवला आणि जाऊ दिला. त्यांना आणखी काही करता येत नव्हतं म्हणून, की कुणाला तरी लाज वाटली म्हणून, याचा निकाल मी लावणार नाही.

'नॅकल्स'चा राग मात्र आहे तसाच आहे. तो वेगळा हिशोब.

टीव्हीची सेटिंग्ज परत बघायला हवीत, काल कुणीतरी चित्र ताणून ठेवलं होतं. ही मालिका चारास तीनच्या चौकटीची आहे. सोळास नऊला लावली की नट डॅनी के रुंद दिसतो, आणि 'पॅलाडिन ऑफ द लॉस्ट अवर'मधल्या त्या म्हाताऱ्याला रुंद होऊन चालणार नाही. मोशन स्मूदिंग बंद, शार्पनेस शून्यावर. शार्पनेस वाढवला तर टेपचा दाणा तेवढा उठून येतो, चित्र आहे तिथेच राहतं. डिस्क पुसायची ती मधल्या भोकाकडून सरळ बाहेर. गोल गोल पुसलं तर चरा ट्रॅकच्या बाजूने जातो आणि सलग माहिती खातो, तेवढी गळती प्लेयरला सावरता येत नाही. आडव्या चऱ्यावरून तो उडी मारून जातो. दुहेरी थराच्या डिस्कवर मध्येच क्षणभर चित्र अडकलं तर घाबरायचं नाही, लेसर दुसऱ्या थरावर जात असतो.

तिसरा सीझन या वेळी बघायचा की नाही ते ठरत नाहीये. टोरांटोत, हात आखडून केलेले अर्ध्या तासाचे तीस भाग, मुख्यतः पुनःप्रसारणाची संख्या भरावी म्हणून. एडमन जाऊन रॉबिन वॉर्डचा आवाज आलेला. 'द कोल्ड इक्वेशन्स' ही गोष्ट त्यातच आहे, म्हणजे टाकूनही देता येत नाही. आधी डॅनी के. तो कुठल्या डिस्कवर आहे ते डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलंय, आणि चष्मा आतल्या खोलीत, जिथे वहिनी झोपलीये.