अनोळखी खाडीत जिताडा: आधी खोली, रंग शेवटी

दाभोळच्या खाडीत हमखास चालणारा लूर (होडीमागे ओढायचा नकली मासा) जयगडला चालेलच असं नाही, आणि धरमतरच्या गढूळ पाण्याचा हिशेब कर्लीच्या खाडीत तर मुळीच जुळत नाही. तरी नव्या खाडीवर निघताना पहिला प्रश्न रंगाचाच येतो: सोनेरी घेऊ की हिरवा? जिताड्यासाठी (तळकोकणात चोणक म्हणा) हा प्रश्न अगदी शेवटचा. हा मासा आडोशाला दबा धरून बसतो. लूर त्याच्या तोंडासमोरून गेला तर घेतो, दीड मीटर वरून गेला तर बहुतेक वेळा जागचा हलत नाही.

म्हणून गरवण्याआधी एक फेरी पूर्ण ओहोटीला मारा, शक्यतो उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास), कारण तेव्हा तळ सगळ्यात जास्त उघडा पडतो. वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. मालवणकडे भरती थोडी आधी येते. खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोचते, त्यामुळे मुखावरची वेळ आतल्या पुलाला लावू नका.

या फेरीत कालवांनी मढलेले खडक, पुलाच्या खांबांमागचे खळगे, वळणाच्या बाहेरच्या काठाखालचा डोह आणि कांदळवनातून व्हाळ (ओढा) उतरतो ती तोंडं बघून ठेवा. फोनच्या नकाशावर खुणा करा, भरतीला यातलं काहीच दिसत नाही. रायगडात खारबांधाची (खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाची) उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, असेल तर ती जागा सगळ्यात वर धरा. ओहोटीला उघाडीतून पाणी सुटलं की त्यासोबत कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते. जिताडा त्या धारेत नसतो, धारेच्या कडेला संथ पाणी असतं तिथे तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. लूर धारेच्या मधून न नेता त्या शिवणीवरून न्यायचा.

खोली मोजायला यंत्र नसलं तरी अडत नाही. तंगुसाला (नायलॉनच्या दोरीला) शिसं बांधा, दर मीटरला गाठ मारा आणि शिशाच्या बुडाला साबण चोपडा. वाळू असेल तर कण चिकटून येतात, चिखल असेल तर काळा थर येतो, आणि खडक असेल तर साबणावर नुसता ओरखडा दिसतो. ओरखडा आला तिथे थांबा.

आता लूर. 10 ते 12 सेंटिमीटरचे, तरंगणारे, दोन पुरेत: एक ओढल्यावर दीड मीटरपर्यंत बुडणारा, दुसरा तीन-साडेतीनपर्यंत. पाकिटावरची खोली जशीच्या तशी धरू नका. बारीक ब्रेडवर (विणलेल्या दोरीवर) तोच लूर जास्त खोल जातो, जाड तंगुसावर वर राहतो. 30 पौंडाची ब्रेड आणि पुढे दीड मीटर 50 पौंडाचा लीडर (लुराजवळचा जाड तुकडा) ठीक. जिताड्याला सुळे नसतात, पण तोंड कानशीसारखं खरखरीत आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. लीडर लागतो तो त्यासाठी.

होडीमागे 25 मीटर दोरी सोडून सुरुवात करा. लूर अधूनमधून तळाला ठक करून लागला पाहिजे. सतत घासत असेल तर दोरी गुंडाळून 15 मीटरवर आणा. अडकला तर झटका देऊ नका, त्याने गरी आणखी रुतते. दोरी ढिली सोडा, तरंगणारा लूर बऱ्याचदा आपसूक मागे सरकून सुटतो. नाही सुटला तर होडी त्याच्या पलीकडे नेऊन उलट बाजूने ओढा.

वेगात सगळ्यात जास्त चुका होतात. ताशी चार किलोमीटर चांगला, पण फोनवर दिसतो तो जमिनीवरचा वेग. दोन किलोमीटरचा प्रवाह मागून असेल तर लुराला मिळतात फक्त दोन, आणि तो मेल्यासारखा येतो. समोरून असेल तर सहा होतात आणि हलका लूर आडवा पडून वर येतो. त्यामुळे आकड्यापेक्षा रॉडचं टोक बघा. एकसारखं थरथरत असेल तर लूर जिवंत आहे. थरथर थांबली की पान नाहीतर प्लास्टिक अडकलंय, लगेच ओढून साफ करा. लूर एका बाजूला पळत असेल तर पुढची कडी पक्कडीने उलट दिशेला केसभर वाकवा.

होडी सरळ रेषेत नेऊ नका, नागमोडी न्या. वळणावर बाहेरच्या दोरीचा लूर वेगात येतो, आतल्या बाजूचा मंदावतो. मासा कुठल्या दोरीला लागला यावरून त्या दिवशीचा वेग ठरतो. जानेवारीच्या गार सकाळी बहुधा आतल्याच दोरीला लागतो.

रंग आता. पाणी गढूळ असेल तर सोनेरी किंवा पिवळा, आत गोळ्या वाजणारा. नितळ असेल तर बोईट माशासारखा चंदेरी. तिन्हीसांजेला काळा, कारण वर बघणाऱ्या माशाला त्याची आकृती ठळक दिसते. लूर चालतच नसेल तर होडी बांधा आणि जिवंत कोळंबी लावा. गरी डोक्यावरच्या शिंगाच्या बुडातून घाला, मागचा काळा ठिपका टाळा. तिथे टोचलं की कोळंबी मरते.

जाळ्यांचे बोये दिसले की लांबून वळसा घाला. दाभोळ खाडीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, लूर सोडवायला पाण्यात उतरायचं नाही.

मासा लागल्यावर तो उडी मारून डोकं झटकतो. त्या क्षणी रॉडचं टोक खाली न्या, पण दोरी ढिली पडू देऊ नका. मोठा जिताडा मादीच असण्याची शक्यता जास्त, कारण हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. अंड्यांचा भार तीच वाहते, तिला सोडा. कल्ल्यात बोटं न घालता खालचा जबडा धरा, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे, आणि शेपटीने स्वतः जोर करेपर्यंत हात काढू नका. मग लीडरवरून नख फिरवा. कुठेही खरखर लागली तर तेवढा कापून नवी गाठ मारा.